कोणता काटा तपासला

घटनेची वेळ: गुरुवार, दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४ वाजून २० मिनिटे. गुन्ह्याच्या नोंदीत 'साढ़े चार के लगभग' असे लिहिले आहे. ते चूक आहे. मी घटनास्थळी हजर होते आणि माझ्या हाताला घड्याळ होते.

जबाब नोंदवल्याचे ठिकाण: पोलीस चौकी, पांगरटोला, तहसील किरनापुर, जिल्हा बालाघाट. दिनांक २७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव: प्रमोदिनी मधुसूदन वैरागडे. मधुसूदन हे वडिलांचे नाव. पतीचा रकाना माझ्या बाबतीत लागू नाही, तो रिकामा ठेवावा. वय ६८ वर्षे. व्यवसाय: सेवानिवृत्त भांडार अधिकारी. राहणार प्रेमनगर, बालाघाट.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर राहते. या चौकीत जबाब हिंदीत घेण्याची रीत आहे. मी तो मराठीत द्यायचा आग्रह धरला, कारण ज्या कागदावरून हे सगळे घडले तो मी मराठीत लिहिला होता आणि सारा घोटाळा त्यातल्या एका शब्दाचा आहे. लेखन करणारे प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, प्रेमलाल लिल्हारे हे लांजीकडचे असून त्यांना मराठी उत्तम येते. हिंदी भाषांतर सोबत जोडावे, मूळ काढून टाकू नये.

मी मँगनीजच्या खाणीच्या भांडारात ३१ वर्षे नोकरी केली. ओझे उचलायच्या साखळ्या, तारदोर, हुक, कप्प्या माझ्या ताब्यात असत. चाचणीचा कागद हातात घेऊन, वाचून, मगच मी वस्तू बाहेर देत असे. एकाही इंजिनियरला मी त्याच्या शब्दावर साखळी दिली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढच्या मजकुरासाठी ते माहीत असणे जरूर आहे.

सन २०२२ पासून मी पांगरटोला येथील नवधान शेतकरी उत्पादक संस्थेची मानद संचालक आहे. संस्था धानाचे, गव्हाचे आणि हरभऱ्याचे बियाणे साफ करून तीस-तीस किलोच्या पोत्यांत भरते. पोती जमिनीला लागू नयेत म्हणून लाकडी फळ्यांच्या पाटांवर रचतात. या पाटाला इथे सगळे पॅलेट म्हणतात. संस्थेकडे एक ट्रॅक्टर आहे. त्याच्या पुढे लोडर आणि माती भरायची बकेट आहे. चालक चैतराम नागोसे, वय ३४. अध्यक्ष श्री. हिरालाल बोपचे. व्यवस्थापक पियुष कटरे, वय २७. मयत रुख्माबाई नागोसे, वय ५१, ही गोदामात रेजा, म्हणजे स्त्री मजूर, म्हणून काम करीत होती. ती चैतरामची सख्खी काकी.

पुढे जाण्याआधी तो शब्द स्पष्ट करते. आमच्या भागात धान तोलतात त्याला काटा म्हणतात. ट्रॅक्टरपुढे लावून पॅलेट उचलायच्या दोन लोखंडी दांड्यांनाही काटाच म्हणतात. हिंदीतही तसेच. म्हणून या जबाबात मी पहिल्याला तोलकाटा आणि दुसऱ्याला उचलकाटा म्हणेन. तोलकाटा हा जुना शब्द आहे. उचलकाटा हा मी आज तयार केला. तो मी सप्टेंबरमध्येच तयार करायला हवा होता.

दिनांक २१ सप्टेंबर २०२५, रविवार, रोजी संस्थेच्या खोलीत बैठक झाली. विषय एकच होता: पॅलेट माणसांनी न ओढता ट्रॅक्टरने उचलता यावेत म्हणून उचलकाटे घ्यायचे, ते कोणत्या प्रकारचे घ्यायचे. मी दीड पानाची टिपणी इंग्रजीत करून नेली होती. नोकरीत मी सगळ्या टिपण्या इंग्रजीत केल्या आणि कॉन्व्हेंटमध्ये मला तेच शिकवले होते.

अध्यक्षांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे सिस्टर लोकांले दाखवा. चैतराम वाचन का हे? मराठीत लिहा, नाही तं हिंदीत. आमाले समजन असं लिहा." सगळे हसले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी तिथेच बसून टिपणी मराठीत पुन्हा लिहिली. इंग्रजीत मी 'फोर्क' असा शब्द लिहिला होता, त्याचा दुसरा अर्थ फक्त जेवणाच्या टेबलावर निघाला असता. मराठीत मी 'काटा' लिहिले.

टिपणीत दोन प्रकार होते. पहिल्या प्रकारात बकेट जागेवरच राहते. उचलकाटे बकेटच्या पुढच्या ओठावर सरकवायचे आणि खालून बोल्टने आवळायचे. दुसऱ्या प्रकारात बकेट काढून तिच्या जागी लोखंडी चौकट बसवतात, उचलकाटे त्या चौकटीत अडकतात आणि पोती मागे कलंडू नयेत म्हणून मागे जाळी असते. मी दुसरा प्रकार घ्यावा असे लिहिले होते. कारणे तीन. पहिल्या प्रकारात उचलकाटे केवळ बोल्टच्या आवळण्यावर असतात आणि ओझ्याखाली बाजूला सरकतात. बकेटचा ओठ त्या कामासाठी केलेला नसतो, तो वाकतो. आणि ओझे बकेटच्याही पुढे जाते, म्हणून लोडरची ताकद कमी पडते. आमचा लोडर बकेटपाशी ७५० किलो उचलतो. बकेटच्या पुढे उचलकाटे लावले की तेच ५०० किलोच्या आत ठेवावे लागते. पाण्याने भरलेली बादली कमरेजवळ धरा, मग हात लांब करून धरा, म्हणजे कळेल, असे मी म्हणाले.

अध्यक्ष म्हणाले, "बादलीच धरायची होती तं ट्रॅक्टर काहून घेतला, मॅडम? एक तगडा माणूस ठेवला असता."

त्यांचा आक्षेप खर्चाचा नव्हता, हे नोंदवावे. आमच्या जुन्या लोडरची बकेट काढायला आणि परत बसवायला दोन माणसांना अर्धा-पाऊण तास लागतो. तोच ट्रॅक्टर सकाळी खळ्याची माती सारखी करतो आणि दुपारी पॅलेट उचलतो. "दिवसातून दोनदा बकेट काढत बसू तं बियाणं पोचन कवा? पेरणी थांबते का आपल्यासाठी?" असे ते म्हणाले. ही अडचण खरी होती. मी ती नाकारली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी पहिल्या प्रकाराला मान्यता दिली.

मान्यता अटींवर दिली. अटी ठरावात माझ्या हस्ताक्षरात आहेत, खाली माझी सही आहे. एका वेळी १६ पोत्यांपेक्षा जास्त उचलू नयेत, म्हणजे ४८० किलो. दोन्ही उचलकाट्यांमध्ये आडवी लोखंडी पट्टी बसवावी, म्हणजे ते बाजूला सरकणार नाहीत. आणि शेवटची अट शब्दशः अशी: 'काटा तपासून, दाखला घेऊन मगच वापरावा.' कोणाकडून तपासून घ्यावा हे मी लिहिले नाही. मला ते उघड वाटले.

उचलकाटे १० ऑक्टोबर रोजी आले. त्या दिवशी मी गोदामात होते. आडवी पट्टी आली नव्हती. पुढच्या खेपेला पाठवतो असे दुकानदाराने कळवले. पुढची खेप आली नाही. रुख्माबाईने उचलकाट्यांवरून हात फिरवून मला विचारले, "मॅडमबाई, याले काटा काहून म्हनतेत? टोचत तं नाही. हा तं गरीब दिसून राह्यला." मी सांगितले, खाली शिरतो आणि उचलतो म्हणून. ती म्हणाली, "मंग जावई म्हना ना. तोही घरात शिरते आन् उचलून नेते." गोदामातले सगळे हसले. प्रधान आरक्षकांचे म्हणणे पडले की हा मजकूर गुन्ह्याशी संबंधित नाही. माझे म्हणणे आहे की या प्रकरणाच्या कागदांत रुख्माबाईचा उल्लेख फक्त 'मृतका' असा आहे. म्हणून हा मजकूर राहू द्यावा.

दिनांक ३ नोव्हेंबर रोजी व्यवस्थापक पियुष कटरे याने ठरावातली माझी अट पाळली. त्याचे शिक्षण हिंदीत झाले आहे, मराठी तो समजतो पण वाचताना अडखळतो. त्याने 'काटा तपासून, दाखला घेऊन' हे वाचले आणि नापतौल, म्हणजे वजनमापे, निरीक्षकांना बोलावले. काटा तपासायला आमच्याकडे त्यांनाच बोलावतात. निरीक्षकांनी गोदामातला इलेक्ट्रॉनिक तोलकाटा तपासला, त्याला शिशाची मोहर लावली आणि रीतसर प्रमाणपत्र दिले. त्यांनी त्यांचे काम चोख केले. पियुषने प्रमाणपत्र ठरावाच्या मागे टाचले. त्यानेही सांगितले तेच केले. मी या मुलाविरुद्ध काहीही सांगत नाही.

त्या प्रमाणपत्रावर लिहिले आहे: 'क्षमता १००० किलोग्राम.' ती तोलकाट्याची क्षमता आहे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ४ नोव्हेंबरला, अध्यक्षांनी फाइल पाहिली आणि चैतरामला सांगितले की काटा हजार किलोला पास झाला आहे, आता सोळा पोत्यांचे लाड पुरे, चोवीस ठेव. ही गोष्ट मला चैतरामने नंतर सांगितली. पियुष तेव्हा तिथे हजर होता. त्याला विचारावे. चोवीस पोत्यांचे ७२० किलो होतात, पॅलेटचे पंधरा वेगळे. हजाराच्या आत आहे म्हणून सगळे निश्चिंत झाले. त्या दिवसापासून १३ तारखेपर्यंत उचलकाट्याने जे ओझे उचलले ते तोलकाट्याच्या भरवशावर उचलले.

आता जे सांगते ते माझ्याबद्दल आहे. ते गाळू नये.

दिनांक ६ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊला चैतराम काही कामाने बालाघाटला आला होता. तो माझ्या घरी आला. पायरीवरच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "मॅडम, उजवा काटा बाहेर पळते. बोल्ट कसतो, तरी पळते. आता काकी सब्बल घेऊन बाजूले उभी राह्यते. मी उचलतो, ते सब्बलीनं काट्याले आत दाबते. असं बराबर आहे का?"

बरोबर नव्हते. हे मला तेव्हाही माहीत होते. उचललेल्या ओझ्याच्या बाजूला सब्बल, म्हणजे पहार, देऊन माणूस उभा करत नाहीत, हे मी खाणीत प्रत्येक नव्या हमालाला पहिल्या दिवशी सांगत असे. मी त्याच्यासमोर पियुषला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, "काट्याचा दाखला आला का?" पियुष म्हणाला, "हाँ मॅडम, पास हो गया. फाइल में लगा है."

मी फोन ठेवला आणि चैतरामला म्हणाले, "दाखला आला आहे. बोल्ट नीट कस, आणि काकीला बाजूला उभी करू नको." तो "हौ मॅडम" म्हणाला आणि गेला. पोती किती ठेवता, हे मी विचारले नाही. दाखला कोणी दिला, हे विचारले नाही. फाइल माझ्या घरापासून एका बसच्या अंतरावर होती. मी ती मागवली नाही. एकतीस वर्षांत मी जे एकदाही केले नाही ते त्या सकाळी केले. शब्दावर विश्वास ठेवला. काकीला बाजूला उभी करू नको हे मी चैतरामला सांगितले, पण आडवी पट्टी नसताना तिथे कोणीतरी उभे राहिल्याशिवाय काम होणार नाही, हे मला कळत होते. काम थांबव, असे मी सांगितले नाही.

दिनांक १३ नोव्हेंबर रोजी मी नेहमीच्या पाहणीसाठी ४ वाजून ५ मिनिटांनी गोदामात पोहोचले. बाहेर लामत्याकडे जाणारा ट्रक उभा होता, त्यात हरभऱ्याचे बियाणे चढत होते. अध्यक्ष ट्रकजवळ होते. ४ वाजून १९ मिनिटांनी चैतरामने एक पॅलेट उचलला. मी अंदाजे पंधरा फुटांवर होते. रुख्माबाई उजव्या उचलकाट्याजवळ सब्बल घेऊन उभी होती. पॅलेटवर पोती जास्त दिसली म्हणून मी मोजायला लागले. एका थरात चार. थर मोजले: एक, दोन, तीन, चार. चार थर असायला हवे होते. पाच. सहा. सहा मोजून झाले तेव्हा उजवा उचलकाटा बकेटच्या ओठावरून बाहेर सरकला, पॅलेटचा तो कोपरा खाली गेला आणि पोती त्या बाजूने कोसळली.

चैतरामने हँडल मागे ओढले होते. ट्रॅक्टर उभा होता, पुढे-मागे हलत नव्हता. तो मोबाइलवर बोलत नव्हता. त्याने दारू घेतली नव्हती. गुन्ह्याच्या नोंदीत 'तेज़ी व लापरवाही से चलाते हुए' असे लिहिले आहे. जे वाहन जागेवर उभे होते ते तेज कसे चालवता येते, हे मला समजले नाही.

मी आधी ओरडायला हवे होते आणि मग मोजायला हवे होते. मी आधी मोजले.

पोती आठ जणांनी हटवली. चैतराम ट्रॅक्टरवरून उतरला आणि नुसत्या हातांनी पोती फेकत होता, कोणाचे ऐकत नव्हता. रुख्माबाईला शुद्ध होती. तिने पाणी मागितले. मी दिले नाही, कारण पोटाला मार असेल तर पाणी देऊ नये असे मला शिकवले आहे. ४ वाजून ४० मिनिटांनी तिला संस्थेच्या गाडीतून बालाघाटला नेले. मी मागे बसले होते, तिचे डोके माझ्या मांडीवर होते. शहर यायच्या आधीच ती गेली. वेळ मी पाहिली नाही. या संपूर्ण जबाबात एवढी एकच वेळ मला सांगता येत नाही.

चैतरामला त्याच सायंकाळी अटक झाली आणि १५ नोव्हेंबरला जामीन मिळाला. काकीच्या मातीला तो नव्हता.

दिनांक १४ नोव्हेंबर रोजी अध्यक्षांनी चौकीत येऊन ३ तारखेचे प्रमाणपत्र सादर केले आणि उचलकाटा तपासलेला होता असे सांगितले. त्यावरून प्रकरणात नोंद झाली: 'काँटा जाँचा हुआ एवं सही पाया गया, अतः घटना चालक की लापरवाही से होना प्रतीत होता है.' अध्यक्षांची ४ तारखेला खरोखर गफलत झाली असेल. मी तसे मानायला तयार आहे. माझीही झाली. पण १४ तारखेला गफलत उरली नव्हती. तोवर निरीक्षकांची शिशाची मोहर अकरा दिवस तोलकाट्याला लटकत होती आणि अध्यक्ष त्याच तोलकाट्यावर रोज बियाणे तोलून घेत होते.

त्याच दिवशी जप्ती झाली. जप्तीपत्रकात 'काँटा, इलेक्ट्रॉनिक, एक नग, चालू हालत में' असे लिहिले आहे. म्हणजे पोलिसांनी तोलकाटा जप्त केला. ज्या उचलकाट्यामुळे माणूस मेला तो पत्रकात नाही, तो लावलेला ट्रॅक्टर तेवढा आहे. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सुपुर्दनाम्यावर संस्थेला परत मिळाला, त्याच्या बकेटला दोन्ही उचलकाटे लावलेलेच होते. आज मी चौकीत आले तेव्हा जप्त केलेला तोलकाटा व्हरांड्यात ठेवलेला होता आणि एक शिपाई त्यावर उभा राहून आपले वजन पाहत होता.

प्रधान आरक्षक म्हणाले, "मॅडम, हे नका लिहायले लावू. नवीन पोरगा आहे, साहेब त्याले रागावतीन."

मी म्हणाले, "त्याचे नाव नका लिहू. वजन लिहा. काटा चालू हालतीत आहे याचा तेवढाच पुरावा आहे."

ते हसले नाहीत. मीही हसत नव्हते. आकडा ६८.४ किलो असा होता, तो लिहून घेतला.

दिनांक १९ नोव्हेंबर रोजी मी संस्थेत जाऊन फाइल उघडली आणि प्रमाणपत्र प्रथमच वाचले. त्यावर क्षमतेच्या खाली आणखी दोन ओळी आहेत: 'अल्पतम ४ किलोग्राम, सूक्ष्मता २०० ग्राम.' पॅलेट उचलायच्या लोखंडाला ग्राम कशाला लागतात, एवढा प्रश्न ज्याला पडेल त्याला सगळे कळेल. अध्यक्ष, पियुष, मी आणि तपास करणारे अधिकारी, चौघांच्या हातांखालून किंवा कानांवरून हा कागद गेला. कोणीही तिसऱ्या ओळीपर्यंत गेले नाही. पियुषला मी ती ओळ दाखवली तेव्हा त्याने ठराव उलटून पाहिला. म्हणाला, "मॅडम, मैंने तो आपका लिखा हुआ ही किया ना?" मी हो म्हणाले.

दिनांक २० नोव्हेंबर रोजी अध्यक्ष माझ्या घरी आले. त्यांचे बोलणे मी आठवणीप्रमाणे सांगते. "मॅडम, गेलेली बाई वापस येते का? चैतरामले चांगला वकील लावून देऊ. पहिलाच गुन्हा आहे, सुटून जाईन. त्याच्या घरी लागन ते संस्था पाहून घेईन. तुमचं नाव कुठंच नाही या कागदात. तुमी काहून आपल्या हातानं घुसून राह्यल्या?" मी विचारले, "आडवी पट्टी कुठे आहे?" ते म्हणाले, "आता पट्टीचं काय घेऊन बसल्या?" मी त्यांना चहा विचारला नाही. ते गेले.

दिनांक २२ नोव्हेंबर रोजी मी चैतरामला भेटायला त्याच्या घरी गेले. तो ओसरीत बसून होता. मी त्याला सांगितले की प्रमाणपत्र दुसऱ्याच काट्याचे आहे, त्याच्यावरचा आरोप टिकायचा नाही, त्याने खरे काय ते सांगावे. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "मॅडम, हँडल माह्या हातात होतं. काकीले तिथं मीच उभं केलं. साहेब विचारतीन तं मी हौच म्हनन." मी म्हणाले, "चोवीस पोती ठेवायला तुला सांगितले होते." तो म्हणाला, "सांगितलं. पन उचलली कोनं?" त्याची बायको आतून म्हणाली, "आठ दिवस झाले, हेच बोलून राह्यले. जेवा म्हनलं तरी हेच. तुमीच समजवा त्याहिले." मला त्याला समजावता आले नाही. हा माणूस न्यायालयात उभा राहिला की गुन्हा कबूल करील. त्याला खोटे बोलता येत नाही आणि आपल्या बाजूचे खरेही बोलता येत नाही. म्हणून हा जबाब मी आपण होऊन देत आहे.

दिनांक २५ नोव्हेंबर रोजी दुपारी १ वाजता मी गोदामाच्या फाटकातून पाहिले. नवा चालक ठेवला आहे. त्याच ट्रॅक्टरला तेच उचलकाटे आहेत आणि आडवी पट्टी अजून नाही. पॅलेटवर सहा थर होते. बाजूला एक बाई सब्बल घेऊन उभी होती. तिचे नाव मला माहीत नाही. या वेळी मी मोजत बसले नाही, आत जाऊन ट्रॅक्टरची किल्ली काढली. त्याबद्दल अध्यक्षांनी माझ्याविरुद्ध या चौकीत अर्ज दिला आहे असे समजते. त्यातला मजकूर खरा आहे. किल्ली माझ्याकडे आहे आणि ती मी आज इथे जमा करीत आहे, पावती द्यावी.

प्रधान आरक्षकांनी मला दोनदा विनंती केली की जबाब थोडक्यात सांगावा. थोडक्यात लिहिल्यामुळेच ही वेळ आली, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, "बराबर आहे मॅडम, सांगा," आणि त्यांनी नवे पान घेतले.

वरील मजकूर त्यांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी नुसते 'काटा' राहिले होते, तिथे 'उचलकाटा' असे करून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, त्यात भर नाही आणि घटही नाही. साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत असे मला सांगण्यात आले. म्हणून याच मजकुराचा अर्ज मी सही करून वेगळा दिला आहे. त्याची पोच मिळाली, वेळ दुपारी २ वाजून ३५ मिनिटे.

मला कळवण्यात आले आहे की या गुन्ह्याचे चालान, म्हणजे आरोपपत्र, २२ डिसेंबर रोजी न्यायालयात जाणार आहे. तत्पूर्वी, सोमवार, दिनांक १५ डिसेंबर २०२५, सायंकाळी ५ वाजेपर्यंत मला पुढील गोष्टींचे लेखी उत्तर मिळावे. फोनवर नको, निरोप नको. ट्रॅक्टरचे दोन्ही उचलकाटे जप्त करून लोखंडाच्या जाणकाराकडून तपासून घेतले की नाही. 'काँटा सही पाया गया' ही नोंद कोणत्या काट्याबद्दल आहे, आणि ती प्रकरणातून काढली की नाही. आणि शेवटचे: सोळा पोत्यांचा ठराव, तपासणीची अट आणि ६ नोव्हेंबरचा फोन, या तिन्ही ठिकाणी मी आहे. आरोपीच्या रकान्यात एकट्या चैतराम नागोसेचे नाव राहणार असेल, तर त्याच्याखाली प्रमोदिनी वैरागडे हे नाव का लिहिले नाही, याचे कारण त्याच कागदावर, अधिकाऱ्याच्या सहीनिशी द्यावे.